मयताचे हातमोजे

ॲल्डरब्रुक, मॅसॅच्युसेट्स
६ नोव्हेंबर १७६७

प्रिय लोइस,

एबेन गाडीवान पहाटे बॉस्टनला निघतोय, म्हणून घाईत लिहिते. आई बरी आहे. दमा आहेच, पण जीभ शाबूत आहे. काल शेजारणीच्या बाळंतपणाला जायचं म्हणून काठी शोधत बसली होती. मी म्हटलं, "अगं, तुला उठवायलाच दोन माणसं लागतात." तर म्हणते, "मूल काही माझ्या पायांतून बाहेर यायचं नाहीये." एवढी वर्षं सुईणपण केलेली बाई, तिला कोण थांबवणार?

मोठी बातमी ही की मी सही केली. लंडनच्या पार्लमेंटने काचेवर, रंगावर, कागदावर आणि चहावर नवा कर बसवला, तो तुला माझ्याआधी कळला असेल. त्यावर आमच्या गावसभेने ठरवलं की विलायती माल घ्यायचाच नाही. चहा नाही, फिती नाहीत, रेशीम नाही, आणि मयताला बोलावणं म्हणून घरोघरी पाठवायचे हातमोजेही नाहीत. हातमोज्यांचं ऐकून आई भडकली. "मग लोकांना मयताला बोलवायचं कसं? कुत्र्यासारखी शीळ घालून?"

प्रार्थनाघराचे कारभारी डीकन पोमरॉय कागद घेऊन घरी आले. म्हणाले, "इथे फुली मार, डॉर्कस." मी म्हटलं, "फुली कशाला? आधी वाचते." ते टोपी हातात धरून उभे राहिले आणि मी चुलीपाशी बसून अख्खा कागद वाचला. मग खाली नाव लिहिलं. डॉर्कस हेल. लोइस, आजवर कोणी माझ्याकडे माझं नाव मागितलं नव्हतं. वडिलांनी शाळेत तुला घातलं, मला घातलं नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नेथन गेल्यावर विधवेची संध्याकाळ सरायची नाही, तेव्हा तुझ्याच जुन्या पत्रांवर बोट फिरवत मी लिहायला शिकले, हे तुला ठाऊक आहे. माझं डॉ तुझ्या डॉसारखंच आहे बघ.

मेंढीच्या कातड्याचे हातमोजे मी शिवते, त्यांना आता मागणी आली आहे. मयताला नाही, पण थंडीला तर ते लागतातच.

तुझा नवरा जकात कचेरीत आहे हे माझ्या मनात होतं. सही अँड्र्यूच्या विरुद्ध नाही.

तुझी
डॉर्कस


बॉस्टन
१० डिसेंबर १७६७

प्रिय डॉर्कस,

सही अँड्र्यूच्या विरुद्ध नाही म्हणतेस. मग कोणाच्या विरुद्ध? तुम्ही चहा प्यायला नाहीत म्हणून राजा काही उपाशी झोपणार नाही. जकात कचेरीतला कारकून झोपेल.

रागावले नाहीये. रागावले आहे. काल मासळीबाजारात एका बाईने माझ्या टोपलीतला मासा परत काढून घेतला. म्हणाली, "तुमच्या घरचा पैसा आम्हाला चालत नाही." मी पोरवयापासून तिच्याकडून मासे घेते. तिचं पहिलं मूल आपल्या आईनेच सोडवलं होतं, इथे बॉस्टनला मामीकडे आलेली असताना.

तू नाव लिहिलंस ते वाचून मात्र हसू आलं आणि जरा रडूही. पण तुझ्या त्या हातमोज्यांचं कौतुक माझ्याकडून मागू नकोस. मागच्या हिवाळ्यात पाठवलेस ते घालून मी प्रार्थनाघरात गेले, तर बाकावरच्या बाया मेंढरू कुठून शिरलं म्हणून बघायला लागल्या.

एबेनबरोबर एक गठ्ठा पाठवते आहे. त्यात पांढरे हातमोजे आहेत, मऊ कोकराच्या कातड्याचे, विलायती. आईला मी शब्द दिला होता. जन्मभर ती लोकांच्या मयतांना बोलावली गेली, तिची पेटी त्या हातमोज्यांनी भरली आहे, आणि एक-एक जोड काढून ती कोण किती दिलदार ते सांगते. तिच्या वेळी लोकांच्या हातात काहीच नाही, हे मला सहन होणार नाही. ठरावाच्या आधी घेतलेले आहेत, तेव्हा तुझ्या सहीला धक्का नाही.

तुझी
लोइस


ॲल्डरब्रुक
१९ एप्रिल १७६८

प्रिय लोइस,

बर्फामुळे एबेन तीन महिने हलला नाही, म्हणून उशीर.

गठ्ठा पोचला. खानावळीत उतरवताना तो फाटला आणि सगळ्यांनी पाहिलं. त्याच संध्याकाळी डीकन आले. "आत काय आहे ते मी विचारत नाही. तूच सांग." मी सांगितलं. ते म्हणाले, "तुझी बहीण आहे, परत पाठव असं मी म्हणणार नाही. पण वाटायचे नाहीत. तुझ्या सहीखाली आणखी बायांनी सह्या केल्यात, डॉर्कस. तू वाचून सही केलीस म्हणून केल्या."



आईने सगळे जोड मांडीवर घेतले, गालाला लावले, एक चढवलाही. म्हणाली, "मेल्यावर मला हे दिसणार नाहीत, म्हणून आत्ताच बघून घेते." मग नीट घडी करून पेटीत सगळ्यांत वर ठेवले. मी तिला सांगितलं की गावात आता हे वाटत नाहीत. ती म्हणाली, "गाव बदलेल. मी घाईत नाही."

लोइस, मासळीवालीचं वाचून वाईट वाटलं. पण ज्या दिवशी अँड्र्यूच्या कचेरीने एका गलबतवाल्याचा माल उतरवून जप्त केला, त्या दिवशी त्याच्याही घरी चूल पेटली नसेल. मला दोन्ही दिसतं. दोन्ही दिसून उपयोग काय, ते मात्र कळत नाही.

नेथनच्या थडग्यावरचं गवत काल काढलं. दगडावरची अक्षरं आता मला वाचता येतात. आधी फक्त हात लावून यायचे.

डॉर्कस


बॉस्टनच्या बंदरातून
८ जुलै १७६८

प्रिय डॉर्कस,

हे पत्र बेटावरच्या किल्ल्यातून लिहिते आहे. गेल्या महिन्यात जमावाने कचेरीतल्या साहेबांच्या घरांवर दगडफेक केली. आमच्याही खिडक्या गेल्या. अँड्र्यूने मला मागच्या दाराने होडीत बसवलं. पायांत एक बूट आणि एक घरातली सपात. इथे तोफा आहेत, ओल आहे आणि साहेबांच्या विलायती बायका आहेत. त्या मला "तू इकडचीच ना?" असं विचारतात. गावात गेले की मी तिकडची असते. आता मी कुठली, ते तुम्ही सगळ्यांनी एकदा बसून ठरवा.

अँड्र्यूला म्हटलं, नोकरी सोड. तो म्हणाला, "सोडून काय करू? या गावात मला कोण साधं पिंप तरी उचलायला देईल?" खरं आहे.

डॉर्कस, लोक म्हणतात शिपायांच्या पलटणी येणार, रस्ते बंद होणार. काही झालं तरी आईच्या वेळी मी येणार. तुझा हातमोजा आला की मी निघालेच समज, मग वाटेत कोणीही उभं असो. नेथनच्या वेळी तुझा काळा हातमोजा हातात पडला आणि मी मळलेल्या पिठावर फडकं टाकून तशीच निघाले होते. आठवतं?

लोइस


ॲल्डरब्रुक
११ जानेवारी १७६९

लोइस,

एबेन दारात उभा आहे, बैल जुंपलेले आहेत. आई जायला लागली आहे. काल सकाळपासून डोळे उघडत नाही. तुझं नाव एकदा घेतलं. गावातले सगळे येऊन जाऊन आहेत. बर्फ फार आहे आणि बॉस्टनच्या वेशीवर शिपाई लोकांना अडवतात असं एबेन सांगतो. तुला कळावं म्हणून लिहिलं.

डॉर्कस


ॲल्डरब्रुक
२६ जानेवारी १७६९

लोइस,

आई तेराव्या तारखेला गेली. आपण तिला पुरलं.

आपण म्हणण्याची सवय आहे. मी पुरलं. जमीन लोखंडासारखी होती, माणसांनी आधी जाळ करून ती मऊ केली. तोवर आईला पुढच्या थंड खोलीत ठेवलं होतं. एबेन परत आला, तुझ्या हातात चिठ्ठी दिली म्हणाला. मी म्हटलं, मग आज येईल. मग म्हटलं, उद्या. बायांनी मक्याचा पाव आणि घेवड्याचं कालवण आणलं, दोनदा गरम केलं. डीकन म्हणाले, "डॉर्कस, अजून कोणाची वाट बघायची?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीची." त्यांनी मान खाली घातली. मागून कोणीतरी मात्र बोललंच. "ती राजाच्या पगारावर आहे, तिला सुटी मिळाली नसेल."

लोक हसले. आई पलीकडच्या खोलीत होती आणि लोक हसले.

डीकननी आणि इतर तिघांनी खांदा दिला. कोणाच्या हातात काही नव्हतं. तुझे हातमोजे पेटीतच आहेत.

इतकी का घाबरलीस? की मक्याचा पाव खाणाऱ्यांत बसायची आता लाज वाटते? मला कळलं तर बरं होईल. निदान दाराकडे बघायची सवय तरी जाईल.

डॉर्कस


बॉस्टन
४ फेब्रुवारी १७६९

डॉर्कस,

तू मला विचारतेस?

पलटणी आल्यावर आम्ही किल्ल्यातून घरी परतलोच होतो, एबेनने तिथे चिठ्ठी आणून दिली. मी ती उलटी-पालटी केली. त्याला विचारलं, "आणखी काही दिलं नाही?" तो म्हणाला, "नाही बाई, एवढंच." मी त्याला पुन्हा विचारलं. त्याने बिचाऱ्याने खिसे उलटे करून दाखवले.

हातमोजा नव्हता.

मग मी चिठ्ठी वाचली. गावातले सगळे आहेत. बर्फ फार आहे. शिपाई अडवतात. तुला कळावं म्हणून लिहिलं. कुठेही ये म्हटलेलं नाही. ज्या पेटीत मी पाठवलेल्या हातमोज्यांचा ढीग पडला आहे, त्यातला एक तुला माझ्यासाठी काढता आला नाही. मी किल्ल्यातून तुला स्पष्ट लिहिलं होतं. तेव्हा मला कळलं की तुझ्या सहीला माझ्या येण्याने बट्टा लागेल, आणि तू सभ्य बाई आहेस म्हणून हे उघड लिहीत नाहीस.

तरी मी टोपी घालून, शाल पांघरून दारापाशी बसले. म्हटलं, मागून कोणीतरी घेऊन येईल. दुसऱ्या दिवशीही बसले. अँड्र्यू म्हणाला, "अगं, हातमोज्याचं काय घेऊन बसलीस? मी नेतो तुला, चल." मी म्हटलं, "नको. बोलावल्याशिवाय मयताला जायचं नसतं, हे मला आईनेच शिकवलं."

आई गेली ते मला तुझ्या रागातून कळलं. असं कळायला नको होतं.

लोइस


ॲल्डरब्रुक
२१ फेब्रुवारी १७६९

लोइस,

तुझं पत्र आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

गावात आता कोणालाच हातमोजे जात नाहीत. डीकनच्या सख्ख्या भावालाही गेले नसते. आणि जात होते तेव्हाही ते परक्यांना जायचे, पाहुण्यांना. घरच्या मुलीला कोणी बोलावणं पाठवतं का? तिला कळवायचं, बस्स. पुढे ती येतेच. म्हणून मी "कळावं म्हणून" लिहिलं. बर्फाचं लिहिलं ते तू गरम कपडे घालून निघावंस म्हणून. शिपायांचं लिहिलं ते अँड्र्यूचा परवाना सोबत घ्यावास म्हणून. हे सगळं माझ्या मनात होतं. कागदावर आलं नाही, ते आज दिसतं आहे. एबेनचे बैल पाय आपटत होते.

किल्ल्यातलं तुझं पत्र मी वाचलं होतं. हातमोजा आला की निघालेच समज, ही मला बोलायची तऱ्हा वाटली.

आता नेथनच्या वेळचं. तुला तो काळा हातमोजा पाठवला, कारण तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. तुला कळवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. कोणाकडून तरी चार ओळी लिहवून घ्यायच्या तर त्या त्या माणसाच्या झाल्या असत्या. म्हणून नुसता हातमोजा गुंडाळून पाठवला, आणि तू आलीस.

या वेळी मला लिहिता येत होतं, लोइस. मला वाटलं, हातमोज्यापेक्षा ते मोठं आहे.

डॉर्कस


बॉस्टन
२२ जानेवारी १७७०

प्रिय डॉर्कस,

अकरा महिने तुला उत्तर लिहिलं नाही. लिहायला बसायचे आणि तुझं पत्र पुन्हा वाचायचे. दरवेळी चूक कोणाची ते वेगळं वाटायचं. नंतर चुकीचं वाटणं गेलं आणि नुसतं वाईट वाटणं उरलं, तोवर इतके दिवस झाले होते की लिहायची लाज वाटली.

अँड्र्यू काल गेला.

नाताळानंतर एका रात्री धक्क्यावर त्याचा पहारा होता. काही माणसांनी त्याला गाडीत घालून गावभर फिरवलं आणि अंगावरचा कोट काढून बर्फात सोडून दिलं. कोणी ते मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी काय केलं असतं? आवाजावरून दोघे ओळखीचे वाटले, एवढंच तो म्हणाला, आणि नावं विचारली तर भिंतीकडे तोंड फिरवलं. छातीत ताप शिरला. शेवटी शेवटी तो सारखा म्हणायचा, "मी फक्त पिंपं मोजत होतो गं. फक्त पिंपं."

साहेबलोक कारकुनाच्या मयताला येत नाहीत. शेजारच्यांकडे गेले, तर दार उघडलं आणि मला बघून लावून घेतलं. समोरचा सुतार शवपेटी करून देतो म्हणाला, पण अंधार पडल्यावर आणून ठेवेन, आणि खांद्याचं मला विचारू नका. भाड्याचे हमाल मिळतील, कदाचित. तू सही केलेली बाई आहेस. इथे आलीस तर तुझ्या गावात तुझं काय होईल ते मी समजू शकते. तुझे हातमोजे कोण घेईल?

या पत्रात मी हातमोजा घातलेला नाही. शोधला, जोड घरात आहेत. हातात घेतला आणि परत ठेवला. तुला वाचता येतं.

ये.

लोइस


ॲल्डरब्रुक
२५ जानेवारी १७७०

लोइस,

हे टपालाच्या स्वाराबरोबर पाठवते, तो माझ्याआधी पोचेल. मी निघते आहे. तोवर अँड्र्यूला थांबवून ठेव. थंडी आहे, राहील. पुढच्या खोलीतली खिडकी उघडी ठेव आणि शेगडी तिथे नेऊ नकोस. आईलाही आम्ही असंच ठेवलं होतं.

एबेनला विचारलं तर म्हणाला, "उद्या जाणारच होतो." त्याचं उद्या जायचं नव्हतं. मोडलेली बर्फावरची गाडी त्याने मी विचारल्यावर रात्रीतून दुरुस्त केली. मी म्हटलं, "तुलाही गाव बोलेल." तो म्हणाला, "मी कुठे सही केलीय? मला येतच नाही. निरक्षर असण्याचा एवढा एकच फायदा आहे, तो तरी घेऊ दे."

मी स्वतःच डीकनकडे गेले. मागून कळण्यापेक्षा तोंडावर सांगितलेलं बरं. ते लाकडं फोडत होते. ऐकलं आणि कुऱ्हाड खाली ठेवली.

"तुझ्या आईला मी खांदा दिलाय, डॉर्कस."

"विसरले नाही."

"तो माणूस जकातीचा होता."

"मेल्यावर कोणती जकात घेणार आहे तो?"

मग माझ्या हातातल्या बोचक्याकडे बघून म्हणाले, "ते काय आहे?"

"हातमोजे."

"विलायती?"

"आईचे."

लोइस, ते वाईट माणूस नाहीत. आत गेले, कागद घेऊन आले आणि माझ्यासमोर माझ्या नावावर रेघ ओढली. म्हणाले, गावसभेच्या समितीला सांगावं लागेल, वर्तमानपत्रात नावही जाईल, आणि गावातलं कोणी तुझ्याकडून काही विकत घेणार नाही. मी म्हटलं, "मला वाचता येतं. जाईल तेव्हा वाचेन." वळले तेव्हा मागून हाक मारून म्हणाले, "वाटेत नदीचा बर्फ पातळ आहे. पुलावरून जा."

कराविरुद्ध मी आजही आहे. उद्या कोणी कागद आणला तर वाचून पुन्हा सही करेन, करू दिली तर. पण नेथनच्या मागे मी एकटी चालत होते आणि मागून तू आलीस, पीठ लागलेल्या हातांनी. त्या दिवशी तू आली नसतीस तर मी घरी परत आले असते की नाही, सांगता येत नाही. तुला एकटीला चालू देणार नाही.

खांदा द्यायला माणसं नाहीत म्हणतेस. एबेन आहे. मी लाकडं वाहते, कातडी वाहते, माझा खांदा काही नाजूक नाही. तू आहेस. बायका खांदा देताना बघून लोक हसतील तर हसू देत, आईच्या वेळीही हसले होते. आणि चौथं कोणी दारात आलंच, सुतार असो, मासळीवाली असो, तर त्याच्या हातात द्यायला आईच्या पेटीतले हातमोजे मी घेऊन येते आहे.

डॉर्कस हेल